टाचण्या तोंडात, उशी फळीवर

मित्रांनो, उशी म्हटलं की तुम्ही लगेच डोकं टेकवायला पुढे याल, म्हणून आधीच सांगते, माझ्यावर डोकं ठेवू नका. मी टाचण्या खुपसायची उशी आहे. शिवणाऱ्यांकडे असते ना, तळहातावर मावेल एवढी, तीच. आता मी जुनी झाले. अंगाची चाळण झाली, रंग विटला, एका बाजूची शिवण उसवली ती काळ्या दोऱ्यानं पुन्हा घातलेली आहे. पण खरं सांगू? हे सगळं मिरवावंसं वाटतं मला. लाज वाटते ती त्या दिवसांची, जेव्हा मी नवीकोरी होते आणि जो तो मला पाहून “वा!” म्हणायचा.

गल्लीच्या कोपऱ्यावर एक शिवणकामाचं दुकान आहे. नवे कपडे तिथे थोडेच शिवले जातात. जास्त करून जुन्यांनाच वळण लावतात. कुणाची विजार लांब झालेली, कुणाचा कोट पोटावर बसेनासा झालेला, कुणाची चेन अडकलेली. दाराशी मोठा आरसा, आरशापुढे गिऱ्हाइकानं उभं राहायचा लाकडी खोका. मागे दोन मशीनं, कापायचं लांब टेबल आणि कपडे बदलायला एक पडदा. टेबल मास्तरांचं. कापणं त्यांचं, शिवणं आईचं. आई म्हणजे माझी नव्हे, भोंग्याची. मला बनवलं भोंग्यानं, तेव्हा नात्यानं ती माझी आजीच लागते. पण ती इतकी तरुण आहे, की आजी म्हटलं तर कात्री घेऊन मागे लागेल. म्हणून मीही आपली आईच म्हणते.

भोंगा ही तिची मुलगी. नाव अर्थात दुसरंच आहे, पण मास्तरांनी हे ठेवलं आणि तेच चिकटलं. शाळा सुटली की ती दुकानात यायची, आणि ती दिसायच्या आधी तिची हाक यायची. “आईऽऽ, मी आलेऽऽ!”

“वाजला भोंगा,” मास्तर इस्त्री उभी करून ठेवत म्हणायचे. “चला, चहा टाका. घड्याळ कशाला हवंय आपल्याला?”

आईला मात्र उत्तर देता यायचं नाही. तिच्या तोंडात टाचण्या असायच्या. खोक्यावर गिऱ्हाईक उभं, ती गुडघ्यांवर बसलेली, एका हातानं कापड दुमडलेलं, दुसऱ्या हातानं माप धरलेलं; मग टाचण्या ठेवायच्या कुठे? पुढच्या दातांत. मूठभर टाचण्या तिथे अशा बसायच्या, जशा कुंपणाच्या तारा. एकेक काढायची, कापडाला लावायची. तिला शिवण शिकवणाऱ्या बाईही तसंच करायच्या, मास्तरही तरुणपणी तसंच करायचे. या धंद्याची ती रीतच होती. भोंग्यानं त्या बंद तोंडाची भाषा शिकून घेतली होती. एक ‘म्म’ म्हणजे हो. दोन म्हणजे नाही. लांबलचक ‘म्मऽऽ’ म्हणजे खडू दे.

“आई, गिळलीस तर गं?” ती एकदा म्हणाली.

“म्म म्म.”

“पण शिंक आली तर?”

यावर आईला हसू आलं आणि खरंच एक टाचणी गिऱ्हाइकाच्या बुटात पडली. त्याच दिवशी भोंग्यानं मला बनवायचं ठरवलं.

मास्तरांनी एका कोटाच्या लाल कापडाचा तुकडा दिला. शेजारच्या सुताराकडून ओंजळभर भुसा आला. विजारीच्या कमरेचं उरलेलं इलॅस्टिक माझ्या पोटाखाली शिवलं, म्हणजे मला घड्याळासारखं मनगटावर बांधता यावं. खरं तर माझा टोमॅटो व्हायचा होता. वर हिरव्या कापडाची पानंसुद्धा लावली. पण एका बाजूला भुसा जास्त झाला आणि टोमॅटोऐवजी झाला लाल बटाटा.

आईनं मला हातात घेतलं तेव्हा तोंडातल्या सगळ्या टाचण्या काढून ठेवल्या, हे मला अजून आठवतं. तिनं भोंग्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. मग मला आरशाजवळच्या फळीवर ठेवलं.

“अगं, इतकी देखणी! हिला भोसकायचं म्हणजे पाप लागेल. हिला मी डोळ्यांसमोर ठेवणार.”

“पण आई, ती टोचायलाच केलीय.”

“टोचू गं, टोचू कधीतरी,” आई म्हणाली आणि टाचण्या पुन्हा दातांत धरून खाली बसली.

मित्रांनो, इथून माझी शोभा सुरू झाली. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला पाही. “कुणी केली हो?” “आमच्या लेकीनं.” “हाताला काय वळण आहे!” मी आपली फळीवर ऐटीत. आणि खाली, अगदी माझ्या नजरेखाली, माझं काम आईचे दात करत होते. नाव टाचण्यांची उशी आणि अंगात औषधाला एक टाचणी नाही. नाव मोठं, लक्षण खोटं! कौतुक झालं की मला वाटायचं, ही फळी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

फळीवरून मला सगळं दिसायचं. टाचण्या धरायच्या म्हणून आई दात आवळायची, आणि टाचण्या संपल्या तरी ते आवळलेलेच राहायचे. मशीनवर सरळ शिवण मारताना गालाशी एक गाठ वरखाली व्हायची. गळ्यात कात्री लटकत असूनही दोरा ती दातांनीच तोडायची. जांभई आली, की कानाजवळ ‘कट्’ असा आवाज व्हायचा, मशीनमधली खालच्या दोऱ्याची बॉबिन खटक्यात बसते ना, तसा. सफरचंद चावून खाणं तिनं कधीच सोडलं होतं. पातळ फोडी करून, एका बाजूनं हळूहळू खायची.

मग तिचं डोकं दुखायला लागलं.

आधी दिवेलागणीला. मग दुपारी. मग सकाळी उठतानाच. दोन्ही कानशिलांवर बोटं दाबून ती क्षणभर डोळे मिटायची आणि मास्तर विचारायचे, “पुन्हा?” ती मान हलवायची. बाम झाला, कापडाची पट्टी आवळून बांधून झाली. चष्म्याच्या दुकानात जाऊन आली, नंबर होता तोच निघाला. कान दुखतो म्हणून कानात औषध घातलं. कुणी म्हणालं ट्यूबलाइट बदला, कुणी म्हणालं इस्त्रीची वाफ बाधते. साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं नुसतं.

संध्याकाळी भोंग्याचे बाबा दोघींना न्यायला येत. ते एकदा मास्तरांना म्हणाले, “हिचं काय सांगू तुम्हाला! झोपेत दात खाते. दात खाते कसली, खडी फोडते. मी उठून बसतो, वाटतं रस्त्याचं काम निघालं.”

“जंत झाले असतील,” मास्तर म्हणाले.

“जंत होवोत तुम्हाला दोघांना,” आई म्हणाली, आणि सगळे हसले. मीही मनातल्या मनात हसले. खडी फोडण्याचा आणि डोक्याचा काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. मग दोष द्यायला कुणीतरी हवं होतं, आणि गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला.

“हळू गं जरा,” आई पहिल्यांदा म्हणाली, तेव्हा गोड आवाजात म्हणाली. पुढे तो गोडवा ओसरला. “किती ओरडतेस!” “भिंती आहेत का माझे कान?” आता दुखत्या डोक्याला आवाज सोसवत नाही, हे खरंच आहे. पण लहान मुलीला ‘सोसवत नाही’ आणि ‘तुझ्यामुळे होतं’ यातला फरक कोण समजावणार?

त्या वर्षी शाळेत गाण्याचा मोठा कार्यक्रम होता. गाण्याची पहिली ओळ एकीनं एकटीनं म्हणायची, मग बाकीच्यांनी उचलायची. ती पहिली ओळ भोंग्याला मिळाली होती. हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा आवाज दुसऱ्या कुणाचा होता? ती दुकानात आली की बटणांच्या डब्यावर ताल धरून तीच ओळ म्हणायची. पुन्हा, पुन्हा. मास्तरही कापता कापता मान डोलवायचे.

एके दिवशी एका कोटाची बाही दुसऱ्यांदा चुकली. आई उसवत बसली होती, डोळे लाल झाले होते. भोंग्यानं ओळ सुरू केली मात्र, आईनं कोट टेबलावर आपटला.

“बंद कर ते! तुझ्या आवाजानं घण पडतात माझ्या डोक्यात. तू आलीस की सुरू होतं माझं डोकं!”

बटणांचा डबा गप्प झाला. मास्तर म्हणाले, “अहो बाई, चोर सोडून संन्याशाला सुळी कशाला?” पण ते इतक्या हळू म्हणाले, की फक्त मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली, पण भोंगा वाजला नाही. ती दारातून पावलं न वाजवता आत आली आणि पडद्याजवळच्या स्टुलावर बसली. चहा उशिरा झाला. मग आई एका बाईंच्या झग्याची खालची दुमड लावत होती, तेव्हा ती जवळ गेली.

“आई, मी गाणं सोडलं तर चालेल?”

आईचं तोंड टाचण्यांनी भरलेलं. तिनं ऐकलं, मित्रांनो. नीट ऐकलं. भुवया वर गेल्या तिच्या, ‘का गं?’ असं विचारायचं होतं तिला. पण गिऱ्हाईक घाईत होतं, कानशिलं ठणकत होती. ‘मग विचारू’ असं मनाशी म्हणून ती नुसतं “म्म” म्हणाली. टाचण्या संपेपर्यंत भोंगा बाहेर पायरीवर जाऊन बसली होती, आणि विचारायचं ते राहूनच गेलं.

एक ‘म्म’ म्हणजे हो. भोंग्यानं दुसऱ्या दिवशी शाळेत सांगून टाकलं, की माझा घसा बसलाय, माझी ओळ दुसरीला द्या.

हे मला कसं कळलं, ते सांगते. सांगतानाही अंगातला भुसा आकसतो. त्या दिवशी आई मागे कापड धूत होती, मास्तर चहाचे कप विसळत होते. भोंगा खोक्यावर चढली, तिनं मला फळीवरून काढलं आणि पडद्याआड नेलं. मला वाटलं, आता टोचणार, सुटले मी! पण तिनं मला तोंडावर घट्ट दाबून धरलं आणि माझ्या पोटात गायला लागली. पूर्ण आवाजात. त्यातला एक शब्दही बाहेर गेला नाही. भुशात सगळा आवाज मुरतो. मध्येच थांबून ती म्हणाली, “मी सोडलं गाणं. आता आईचं डोकं थांबेल.” मग मला पुसून परत फळीवर ठेवलं.

असं ती रोज करायला लागली. आणि लोक मला पाहून म्हणत, “किती गोड आहे हो!” मला काय म्हणायचं होतं माहीत आहे? अहो, मी गोड नाही, मी त्या पोरीच्या तोंडावरचा बोळा आहे. पण उशीला तोंड कुठे असतं?

आईचं डोकं काही थांबलं नाही. भोंगा दिवसेंदिवस गप्प होत होती आणि डोकं दुखतच होतं. तिला वाटे, आपण अजून पुरेशा गप्प झालो नाही. खुर्ची सरकवायच्या आधी उचलायला लागली. बोलायच्या आधी विचारायला लागली, “आई, बोलू का?” आई मास्तरांना कौतुकानं म्हणाली, “बघा, किती शहाणी झाली!” मास्तर खाली मान घालून कापड कापत राहिले.

मग शाळेतून गाणाऱ्या मुलामुलींच्या झग्यांचं काम दुकानातच आलं. निळं कापड, गळ्याशी पांढरी पट्टी. आईला केवढा आनंद! “लेकीचा झगा सगळ्यांत शेवटी घेणार, मन लावून. उभी राहा गं खोक्यावर.”

“माझा नको,” भोंगा म्हणाली.

“का?”

“नको. नंतर.”

“लाजतेय,” आई हसून म्हणाली आणि दुसरा झगा ओढला.

त्याच सुमारास दुकानात एक दातांची डॉक्टर आली. समोरच्या रस्त्यावर तिनं नवा दवाखाना उघडला होता आणि तिचा पांढरा कोट गुडघ्यांखाली येत होता. ती खोक्यावर उभी राहिली. आई टाचण्या तोंडात धरून तिच्या पायांशी बसली. भोंगा मला घेऊन पडद्याआड होती, तिचं रोजचं काम करायला. पडद्याच्या फटीतून मला दोघी दिसत होत्या.

चार टाचण्या लागल्या असतील नसतील, आईचा हात कानशिलावर गेला.

“डोकं दुखतंय?” डॉक्टरनं विचारलं.

“म्म.”

“रोज दुखतं?”

“म्म.”

“आधी त्या टाचण्या काढा बघू तोंडातून. मला उत्तर हवंय, ‘म्म’ नकोय.”

आईनं टाचण्या काढल्या. तोंड उघडताना ‘कट्’ झालं. डॉक्टर अर्धा कोट टाचलेला तसाच घेऊन खोक्यावरून उतरली आणि आईसमोर उकिडवी बसली.

“हा आवाज कधीपासून? आणि पुढच्या दाताला ही खाच?”

आईनं चटकन तोंडावर हात ठेवला. “आमच्या धंद्यात असतेच हो ती.”

“माझ्याही होती,” मास्तर टेबलामागून म्हणाले. “आता दातच नाहीत, तर खाच कुठून दाखवू!”

डॉक्टर हसली. मग तिनं आईची दोन बोटं धरून कानाच्या अगदी पुढे ठेवली. “तोंड उघडा. मिटा. बोटाखाली काही सरकलं? तो जबड्याचा सांधा. दिवसभर जो बोलताना, खाताना चालतो तो. आता बोटं वर न्या, जिथे दुखतं तिथे. हं. आता दात घट्ट आवळा.”

आईनं दात आवळले. तिचे डोळे मोठे झाले. “अगं बाई! हे तर कपाळ हललं!”

“कपाळ नाही. चावायचा स्नायू आहे तो. जपानी पंखा असतो ना उघडलेला, तसा कानाच्या वर पसरलेला असतो. तुम्ही दात आवळता खाली, ताण बसतो वर.” तिनं टेबलावरची कात्री उचलून मुठीत घट्ट मिटून धरली. “ही अशी दिवसभर दाबून ठेवली, तर स्क्रू ढिला होईल आणि हातही भरून येईल. तसंच. रात्री दात खाता का?”

“खडी फोडते,” मास्तर म्हणाले.

मित्रांनो, तुम्हीही करून पाहा. कानशिलांवर बोटं ठेवा आणि हळूच दात मिटा. हललं ना? मी पडद्याआड होते, पण मला समजलं, कारण भोंग्यानं मला काखेत धरलं होतं आणि तिची बोटं तिच्या कानशिलांवर गेली होती.

“म्हणजे माझं डोकं दातांमुळे दुखतं?” आईनं विचारलं.

“नीट तपासल्याशिवाय मी ठाम सांगणार नाही. डोकं दुखायला शंभर कारणं असतात, आणि जबडा हे त्यातलं एकच. पण तुमच्या बाबतीत मला त्याचाच संशय येतोय. उद्या दवाखान्यात या.”

“आणि मी समजत होते...” आई अर्धवट हसली. “मला वाटायचं, आवाजानं होतं. पोरीच्या आवाजानं.”

“दुखत असताना आवाज नकोसा होतो, ते वेगळं. पण पोरीच्या आवाजानं हे दुखणं लागेल कसं?”

पडदा सरकला. भोंगा मला छातीशी धरून बाहेर आली.

“म्हणजे मी नव्हते?”

आईनं मागे वळून पाहिलं.

“आई, मी नव्हते ना? मग मी गाणं उगाचच सोडलं?”

“कुठलं गाणं? कधी सोडलंस?”

“तुला विचारलं होतं ना मी. तू म्म म्हणालीस.”

डॉक्टर स्वतःच्या कोटाचं बटण पाहू लागली. मास्तर इस्त्री बंद करायला गेले, ती आधीच बंद होती. आई गुडघ्यांवर बसली होती ती तशीच होती, पण इतकी लहान दिसायला लागली, की भोंग्यापेक्षाही लहान. तिला ते ‘म्म’ आठवलं होतं. तिच्या गळ्यापासून कानापर्यंत लाली चढताना मी पाहिली.

“मी उद्या शाळेत येते,” ती म्हणाली. “सांगते बाईंना, चूक माझी होती. तुझी ओळ तुला...”

“ती दुसरीला दिली. तिनं खूप सराव केलाय आता. तिच्याकडून काढून नको घेऊ.”

आईनं हात पुढे करून मला घेतलं, बहुधा नुसतं काहीतरी हातात हवं म्हणून. आणि तिचा अंगठा माझ्या पोटावर थबकला.

“ही ओली कशानं झाली?”

भोंगा खाली पाहायला लागली. “मी हिच्यात गाते. म्हणजे बाहेर येत नाही.”

मित्रांनो, मला सुया-टाचण्यांनी किती वेळा भोसकलं असेल याची गणती नाही. पण माझ्यावरून फिरणारा आईचा तो अंगठा जेवढा टोचला, तेवढं काहीच नाही. तिनं मला कपाळाला लावलं. मग भोंग्याला जवळ ओढलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसून म्हणाली, “तू नव्हतीस गं. कधीच नव्हतीस. मी मेलीनं विचारायला हवं होतं. तोंडातनं टाचण्या काढून विचारायला हवं होतं.”

“रडू नकोस, डोकं दुखेल,” भोंगा म्हणाली. त्यामुळे आई जास्तच रडली.

मग तिनं नाक पुसलं, माझं इलॅस्टिक ताणलं आणि मला डाव्या मनगटावर चढवलं. खाली पडलेल्या टाचण्यांतली एक उचलली. सवयीनं हात तोंडाकडे गेला. वाटेतच थांबला. आणि ती टाचणी, माझ्या आयुष्यातली पहिली टाचणी, माझ्या पोटात शिरली.

दुखलं का, असं विचारता? उन्हात वाळत टाकलेल्या रिकाम्या घागरीत कुणी पाणी ओतलं, तर तिला काय वाटत असेल, तसं वाटलं मला.

डॉक्टर पुन्हा खोक्यावर चढली. आईनं तिचा कोट पुरा केला. “दात मिटताहेत बघा,” डॉक्टर वरून म्हणाली. “तोंड रिकामं आहे तरी. ओठ मिटलेले, दात सुटे. एवढं लक्षात ठेवा.” मास्तरांना ते इतकं आवडलं, की खडूनं आरशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं.

पुढचं सगळं दवाखान्यात झालं, ते मी मनगटावर बसून पाहिलं. जबड्याला कोमट शेक, थोडे दिवस मऊ खाणं, दोरा कात्रीनंच तोडायचा, आणि झोपताना दातांवर बसवायची एक पारदर्शक पट्टी. बाबा म्हणाले, “आता खडी फुटत नाही, तर मलाच झोप येत नाही. सवय झाली होती.” डोकं जादूनं बरं झालं नाही. आधी सकाळचं दुखणं गेलं, मग दुपारचं विरळ झालं. कामाचा ताण आला की अजूनही कधी कधी ठणकतं. भोंग्यानं पहारा सुरू केला. आई मशीनवर वाकली, की स्टुलावरून आवाज यायचा, “आई, दात!”

पण तो आवाज, मित्रांनो, तो हळूच यायचा. आणि त्याच्या आधी अजूनही ते यायचं: “आई, बोलू का?”

डोक्याचं दुखणं पट्टीनं कमी झालं. या दोन शब्दांवर कुठली पट्टी? प्रत्येक वेळी आई मान खाली घाली आणि म्हणे, “बोल ना गं, विचारतेस काय!” आणि भोंगा बोले, हळूच. ओरडायला सांगून कुणी ओरडतं का? एकदा आई म्हणाली, “पूर्वीसारखी हाक मार ना मला गल्लीतून.” भोंग्यानं प्रयत्न केला. दारात आली आणि “आई, मी आले” म्हणाली, जसं कुणी दवाखान्यात नाव सांगतं. आई “शाब्बास” म्हणाली आणि मशीनकडे तोंड फिरवून कितीतरी वेळ रिकामंच पायडल मारत राहिली.

शाळेच्या बाईंनी भोंग्याला शेवटच्या रांगेत घेतलं. तिचा झगा आईनं खरोखरच सगळ्यांत शेवटी घेतला, मन लावून. टाचण्या माझ्यात, तोंड रिकामं. त्यामुळे त्या दोघी माप घेताना बोलल्या. काय बोलल्या ते फार महत्त्वाचं नाही. कुणाचा दात पडला, कुणाची वही हरवली. पण आई गुडघ्यांवर बसून प्रत्येक गोष्टीला अख्ख्या शब्दांत उत्तर देत होती.

कार्यक्रमाच्या दिवशी एका मुलाच्या झग्याची दुमड ऐन वेळी सुटली. आई धावत रंगमंचामागे गेली, दोन टाके घातले आणि तशीच येऊन बाबा आणि मास्तरांच्या मध्ये बसली. मी तिच्या मनगटावरच राहिले. अशी मी हॉलमध्ये पोचले.

पहिली ओळ दुसऱ्या मुलीनं म्हटली. छान म्हटली, अगदी मंजुळ. आईनं मान वर केली नाही. तिची बोटं माझ्यातल्या एकाच टाचणीचं डोकं चिवडत होती. ती ओळ मला पाठ होती, माझ्या पोटात ती शंभरदा मुरली होती, आणि मला ठाऊक होतं, आईलाही तेच आठवत होतं. ‘दात’ म्हणून सांगायला भोंगा जवळ नव्हती. मी मनातल्या मनात म्हटलं, आई, दात.

मग सगळ्यांनी ओळ उचलली. निळे झगे एकदम हलले. पहिल्या फेरीत शेवटच्या रांगेतून काही वेगळं आलं नाही. दुसऱ्या फेरीतही नाही. तिसऱ्या फेरीला सूर वर जातो. तिथे पुढच्या रांगांचा श्वास अपुरा पडला, सूर डगमगला, आणि मागून कुणीतरी तो खालून हात घालून उचलला. खणखणीत. हॉलच्या पार दारापर्यंत.

“वाजला!” मास्तर ओरडले. पुढच्या चार रांगा मागे वळल्या.

आई हसली. तोंड उघडं टाकून हसली, ‘कट्’ झालं, आणि डोळ्यांतून पाणी येत असताना ती टाळ्या वाजवायला लागली. तिच्या टाळ्यांबरोबर माझ्यातल्या टाचण्या नाचत होत्या. बाबा कळवळून ओरडले, “अगं, टोचतंय!” पण कोण ऐकतंय. मी ऐकत होते. तो आवाज मी आजवर फक्त आतून ऐकला होता. बाहेरून तो असा असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी आईनं हातातलं काम थांबवलं. मास्तरांनी इस्त्री उभी केली. दोघांनीही घड्याळाकडे पाहिलं नाही.

“आईऽऽ,” गल्लीच्या तोंडाशी हाक आली. जरा बिचकत आली, मध्ये एकदा अडखळली, पण आली. “मी आलेऽऽ!”

“मीऽऽ इथेऽऽ!” आईनं रिकाम्या तोंडानं ओ दिली.

मित्रांनो, मी काही डॉक्टर नाही, भुसा भरलेली उशी आहे. तुमच्या घरात कुणाचं डोकं वारंवार दुखत असेल, तर त्यांना डॉक्टरांकडे जायला सांगा, आणि तोवर हळू जरूर बोला. पण ते आपल्याचमुळे दुखतं, असं मनाशी धरून एखाद्या पडद्याआड बसू नका. विचारा. आणि कुणी प्रेमानं काही करून दिलं, तर ते फळीवर मिरवू नका. झिजवा, मळवा, त्याची चाळण करा. आणि ज्यांना विचारलं जातं त्या मोठ्यांना माझा निरोप द्या: उत्तर देण्याआधी तोंडातल्या टाचण्या काढाव्यात. त्या ठेवायला मी आहे.